बँकॉकची पहिली फेरी: गे आणि लेस्बियन प्रवाशांसाठी

बँकॉकच्या हॉटेलात दोन पुरुष किंवा दोन बायका चेक-इनला उभ्या राहिल्या, की काउंटरवरची मुलगी साधारण एकच प्रश्न विचारते: एक मोठा पलंग हवा की दोन वेगळे? तिला पलंगाशी मतलब असतो, नात्याशी नाही. आपल्याकडून जाणाऱ्या जोडप्यांची जीभ मात्र तिथेही सवयीने अडखळते आणि "दोन वेगळे" असेच उत्तर तोंडून निघते. बुकिंग करतानाच "एक मोठा पलंग" निवडा, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

या शहरात समलैंगिक प्रवाशाला स्थानिक लोकांची भीती बाळगण्याचे कारण फार कमी आहे. पहिली फेरी बिघडते ती बहुतेक दुसऱ्याच कारणांनी: अर्धवट कागदपत्रे, उघडा पडलेला फोन, बरोबर न नेलेली औषधे आणि "इथे सगळे चालते" हा गैरसमज. म्हणून या लेखात बारपेक्षा तयारीला जास्त जागा दिली आहे.

कायदा कुठपर्यंत तुमच्या बाजूने आहे

थायलंडमध्ये 1956 च्या दंडसंहितेपासून समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. 2015 मध्ये लिंगभेदाविरुद्धचा कायदा आला. 23 जानेवारी 2025 पासून समलिंगी विवाहाची नोंदणी सुरू झाली. आग्नेय आशियात असे करणारा हा पहिला देश. आशियात तैवान आणि नेपाळनंतरचा. विवाहाच्या कायद्यातले "पती" आणि "पत्नी" हे शब्द काढून तिथे दोघांनाही लागू पडेल असा एकच शब्द घातला आहे.

परदेशी जोडप्यांनाही नोंदणी करता येते. त्यासाठी आपण अविवाहित असल्याचा दूतावासाचा दाखला, त्याचे थाई भाषांतर, थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग जिल्हा कार्यालय अशी वाट आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे जाऊन लग्न करण्याचे मनात असेल, तर एक गोष्ट नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या कचाट्यातून आपल्याला सोडवले, पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे बँकॉकचे प्रमाणपत्र घेऊन पुण्यात वारसाहक्क, गृहकर्ज किंवा दवाखान्यातली सही यांपैकी काहीही मिळणार नाही. असे विवाह मानणाऱ्या देशात तुम्ही राहत असाल, तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडचे सहल-आयोजक सिंगापूर, थायलंड आणि मलेशिया एकाच फेरीत दाखवतात. हे तीन देश मात्र एका माळेतले नाहीत. सिंगापूरने आपले 377-अ 2022 मध्ये रद्द केले. मलेशियात इंग्रजांनी घालून दिलेले तेच 377 आजही लागू आहे आणि मुसलमान नागरिकांसाठी शरियतचे वेगळे कायदे आहेत. बँकॉकहून क्वालालंपूरला जाणार असाल, तर विमानात बसण्याआधी फोनमधली डेटिंग ॲप्स काढून टाका. बँकॉकची मोकळीक पुढच्या विमानतळावर चालत नाही.

निघण्याआधीची कागदपत्रे

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. जुलै 2024 मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहण्याची मुभा मिळाली. ही मुदत सरकार बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा.

1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमन कार्ड भरावे लागते. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. गुगलवर शोधले की पैसे मागणाऱ्या नकली साइट्स वर येतात. थाई इमिग्रेशनची सरकारी साइटच उघडा. जोडप्याने दोन वेगळी कार्डे भरायची. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि माणशी 20,000 बाथ किंवा तेवढ्या किमतीचे चलन जवळ असू द्या. इमिग्रेशनवाला प्रत्येकाला ते विचारत नाही, पण एकट्या तरुण भारतीय पुरुषाला विचारण्याची शक्यता जास्त असते.

"तुमचे एकमेकांशी नाते काय?" असा प्रश्न सहसा येत नाही. आलाच तर "मित्र" किंवा "पार्टनर", जे सोपे वाटेल ते सांगा. काउंटरवर एकेकट्यानेच जायचे असते.

आता पासपोर्टबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. बँकॉकच्या फेऱ्या घरच्यांना कळू नयेत म्हणून पासपोर्टची पाने फाडणाऱ्या प्रवाशांना मुंबई विमानतळावर अटक झाली आहे. पान फाडणे, चिकटवणे, शिक्का खोडणे हे सगळे पासपोर्ट कायद्याखाली येते. शिक्का दिसला तर त्याचे उत्तर देता येते: बँकॉकला मराठी माणसे हजारोंनी जातात, त्या शिक्क्यातून कुणाचे मन वाचता येत नाही. फाटक्या पानाला मात्र उत्तर नसते.

फोन आणि घर

घरी न सांगितलेल्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. सिलोम या गे बारांच्या भागातल्या गल्लीत समोरच्या टेबलावर ठाण्याचे किंवा नाशिकचे कुणी बसलेले असू शकते. मुख्य रस्त्यावरून आपल्याकडचे टूर ग्रुप पटपोंगचा रात्रीचा बाजार बघायला जातात आणि तो बाजार या गल्ल्यांपासून चालत पाच मिनिटांवर आहे.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात एवढे करा. फोनमधली फोटोंची आपोआप होणारी कॉपी बंद करा, विशेषतः घरच्या टीव्हीशी किंवा भावंडांच्या अकाउंटशी जोडलेली. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर "टॅग करण्याआधी मला विचारा" ही सोय सुरू करा. बारचे स्वतःचे फोटोग्राफर असतात आणि फोटो त्याच रात्री पानावर चढतात. फोटो नको असेल तर तळहात पुढे करून हसून मान हलवा, थाई फोटोग्राफर लगेच पुढे जातो. ग्राइंडर या गे डेटिंग ॲपवर अंतर दाखवणे बंद करा आणि विमानतळावर, टूर ग्रुपच्या हॉटेलात ॲप उघडू नका. कार्डाच्या विवरणपत्रावर बारचे नाव उमटते. ते घरी जात असेल, तर बाहेरचा खर्च रोखीत करा.

सगळे लपवूनच जा असेही नाही. तुमच्या बाजूचे एक माणूस, मैत्रीण, भाऊ, कुणीही, हॉटेलचे नाव आणि परतीची तारीख माहीत असलेले हवेच. अपघात झाला तर दूतावासाचा फोन घरी जातो आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात हे नीट सांगणारे कुणीतरी लागते.

औषधे, लसी आणि प्रेप

रोजच्या गोळ्या, मग त्या एचआयव्हीच्या असोत, हॉर्मोनच्या असोत की रक्तदाबाच्या, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. एचआयव्हीसह जगणाऱ्या पर्यटकाला थायलंडमध्ये प्रवेशबंदी नाही. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या, ट्रामाडॉल आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांवर मात्र तिथे कडक नियंत्रण आहे. जास्तीत जास्त 30 दिवसांचा साठा, सोबत इंग्रजी चिठ्ठी, आणि लागत असेल तिथे आधी परवानगी.

प्रेप म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून संबंधाआधी सुरू करायच्या गोळ्या. टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिनची भारतीय बनावटीची गोळी मुंबई-पुण्यात चिठ्ठीवर मिळते. सुरू करण्याआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिन या तीन तपासण्या लागतात. हिपॅटायटिस बी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी सुरूही करू नये आणि बंदही करू नये. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी रोज न घेता घ्यायची पद्धत आहे: संबंधाआधी 2 ते 24 तासांत 2 गोळ्या, त्या पहिल्या दोन गोळ्यांपासून 24 तासांनी 1 आणि 48 तासांनी 1. रोज संबंध येत असतील, तर शेवटच्या संबंधानंतर दोन दिवसांपर्यंत रोज एक. ही पद्धत बायकांना आणि इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांना लागू नाही. त्यांनी निघण्याच्या किमान सात दिवस आधीपासून रोज एक गोळी घ्यायची. प्रेपने गर्मी (सिफिलिस) आणि परमा (गोनोरिया) अडत नाहीत, त्यासाठी कंडोमच हवा. कंडोमबरोबर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन वापरले तर रबर सैल पडून फाटते. पाण्यावर आधारलेले वंगण कुठल्याही सेव्हन-इलेव्हनमध्ये कंडोमशेजारीच मिळते.

हिपॅटायटिस ए ची लस निघण्याआधी दोन आठवडे घेतलेली चांगली. हिपॅटायटिस बी चे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून त्याची सुरुवात लवकर करा.

तरीही काही घडले, कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर 72 तासांच्या आत पेपच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही रोखण्यासाठी घ्यायच्या गोळ्या सुरू करता येतात. जितक्या लवकर तितके चांगले. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. थाई रेड क्रॉसचे निनावी तपासणी केंद्र 1991 पासून राचदाम्री रस्त्यावर चालते. सिलोमच्या बारपासून ते पायी काही मिनिटांवर आहे आणि कामकाजाच्या वेळात उघडे असते. परदेशी माणसाला तिथे शुल्क भरून तपासणी करता येते. रात्रीबेरात्री गरज पडली तर चुलालोंगकोर्न हे रेड क्रॉसचे मोठे रुग्णालय तिथेच आहे आणि कॉन्व्हेंट रस्त्यावर बीएनएच हे खासगी. कोर्स 28 दिवसांचा असतो. उरलेल्या सगळ्या गोळ्या तिथूनच घेऊन या, मायदेशी परतून शोधत बसू नका.

उतरायचे कुठे, पोहोचायचे कसे

पहिल्या फेरीत सिलोम भागातच राहा. बार चालत अंतरावर, लुम्फिनी बाग पलीकडे, आणि साला देंग हे उन्नत रेल्वेचे स्टेशन आणि सी लोम हे भुयारी रेल्वेचे स्टेशन एकमेकांना पुलाने जोडलेले. मध्यरात्रीच्या सुमारास दोन्ही गाड्या बंद होतात आणि क्लब त्यानंतर रंगात येतात, म्हणून चालत घरी जाता येणे ही इथली खरी चैन. सुखुमवित भाग खाण्यापिण्याला आणि खरेदीला उत्तम, पण रात्री दोन वाजता टॅक्सीची घासाघीस करावी लागते.

हॉटेल ठरवताना एक प्रश्न ईमेलने विचारा: रात्री पाहुणा आणल्यास वेगळे पैसे लागतात का? काही हॉटेले घेतात, काही फक्त पाहुण्याचे ओळखपत्र काउंटरवर ठेवून घेतात. ओळखपत्र ठेवणारे हॉटेल चांगले समजा. ज्याला ओळखपत्र द्यायचे नसते, त्याला खोलीवर न्यायचे नसते.

मुंबईहून विमान साडेचार तासांचे, घड्याळ दीड तास पुढे. बहुतेक विमाने सुवर्णभूमी विमानतळावर उतरतात. नाव आपलेच आहे, पण उच्चार करतात "सुवन्नफूम". टॅक्सीवाल्याला "सुवर्णभूमी" म्हटले तर कळत नाही. तळघरातून विमानतळ रेल्वे पकडा, फाया थाई स्टेशनपर्यंत 45 बाथ आणि अर्ध्या तासाहून थोडा कमी वेळ. तिथून उन्नत रेल्वेने सयाम, समोरच्या गाडीत बदला, दोन स्टेशनांनी साला देंग. उन्नत आणि भुयारी रेल्वेची तिकिटे वेगळी आहेत, हे आधी कुणी सांगत नाही. भुयारी रेल्वेला टॅप करायचे बँक कार्ड चालते. उन्नत रेल्वेसाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवून रॅबिट कार्ड घ्या.

सामान जास्त असेल तर तळमजल्यावरच्या यंत्रातून टॅक्सीची चिठ्ठी घ्या. मीटर 35 बाथपासून सुरू होते, त्यावर विमानतळाचे 50 बाथ आणि टोल. टोल तुम्ही रोख भरायचा असतो. चिठ्ठी शेवटपर्यंत जपा, सामान गाडीत राहिले तर तीच गाडीचा माग काढायला कामी येते. शहरात ग्रॅब किंवा बोल्ट ॲप वापरा. एटीएममधून पैसे काढताना प्रत्येक वेळी 220 बाथ किंवा त्याहून थोडे जास्त शुल्क कापले जाते, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. "रुपयांत हिशेब करायचा का?" असे यंत्राने विचारले, तर नाही म्हणा, त्या दरात तुमचे नुकसान असते.

सिलोमची पहिली संध्याकाळ

सहाच्या सुमारास लुम्फिनी बागेत जा. बागेचे नाव लुंबिनीवरून पडले आहे. तळ्याकाठी दीड-दीड मीटर लांब घोरपडी चालताना दिसतील, त्या काही करत नाहीत. बरोबर सहाला ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागते आणि धावणारी, नाचणारी, भेळेसारखे काहीतरी खाणारी सगळी बाग जागच्या जागी थांबते. तुम्हीही थांबा. स्टेशनवरही सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला हेच होते. राजघराण्याबद्दल वेडेवाकडे बोलणे किंवा लिहिणे हा कलम 112 खाली 3 ते 15 वर्षांच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे. यात पर्यटकालाही सूट नाही, समाजमाध्यमावरची टिप्पणीही त्यात येते.

नऊनंतर सिलोम सोई 4. सोई म्हणजे गल्ली. ही गल्ली आंधळी आहे, दोन्ही बाजूंना उघडे ओटे आणि त्यांवर टेबले. बाल्कनी आणि टेलिफोन हे दोन जुने बार समोरासमोर आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला यांपैकी एकाच्या कडेच्या खुर्चीत बसून गल्ली बघणे सोपे पडते: कुणाशी बोलायलाच हवे असे नाही, जेवण मिळते, आणि एकटे बसलेले लोकही पुष्कळ असतात. स्ट्रेंजर बारमध्ये ड्रॅगचा, म्हणजे बायकांचा वेश करून सादर केलेला कार्यक्रम असतो. उशिरा गेलात तर उभ्याने बघावा लागतो.

बिलाची रीत आपल्यापेक्षा वेगळी. प्रत्येक पेयाबरोबर चिठ्ठी येते आणि गुंडाळी करून टेबलावरच्या छोट्या पेल्यात खोचली जाते. निघताना सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज. मधूनमधून पेला उचलून मोजा, वाढीव चिठ्ठी तेव्हाच दाखवली तर वाद होत नाही. टीप म्हणून 20 बाथची नोट पुरते. आवाज चढवून बोलू नका. थाई माणसाच्या लेखी चारचौघांत ओरडणाऱ्याची लाज आधीच गेलेली असते, मग बाजू खरी असूनही कुणी मदतीला येत नाही.

सोई 2 ही तिथून दोन-तीन मिनिटांवर, आणखी अरुंद गल्ली. तोंडाशीच ओळखपत्र आणि बॅग तपासतात. क्लबात प्रवेशाचे वय 20 पूर्ण आहे, 18 नव्हे. पासपोर्ट दाखवावा लागतो आणि फोनवरचा फोटो सगळीकडे चालत नाही. डीजे स्टेशन इथलेच. प्रवेशशुल्कात पेयाचे कूपन येते, ते फेकू नका. अकराच्या आधी गेलात तर मजला रिकामा दिसेल आणि "इथे कुणी येतच नाही" असे वाटेल. डिसेंबर 2023 पासून बँकॉकमधल्या परवानाधारक नाचघरांना पहाटे 4 पर्यंत मुभा आहे. साधे बार त्याआधी मिटतात. बौद्ध सणांच्या आणि मतदानाच्या दिवशी दारूवर बंधने असतात, तारखा बघून जा.

पटपोंगच्या अंगाला पुरुष नाचणाऱ्यांचे बार आहेत. 2019 मध्ये शेजारची जुनी गल्ली पाडली गेल्यावर ते इकडे हलले. तिथे पेयाचा दर बसण्याआधी लेखी बघा. रस्त्यात हातात पत्रिका घेऊन "शो, शो" करत वरच्या मजल्यावर नेणाऱ्याच्या मागे जाऊ नका. दर सांगितला जातो एक, बिल येते दहापट, आणि जिन्यात दोन माणसे उभी असतात. अडकलातच तर भांडू नका, शक्य तेवढे देऊन बाहेर पडा आणि पर्यटक पोलिसांना 1155 वर फोन करा. तिथे काम करणारी मुले पोटासाठी काम करतात. बोलणे ठरवून घ्या, ठरलेले द्या, अपमान करू नका. अठराखालच्या कुणाशीही व्यवहार हा गंभीर गुन्हा आहे आणि "मला वय ठाऊक नव्हते" हे वाक्य कोर्टात तुम्हाला वाचवणार नाही.

बायकांसाठी

सिलोम मुख्यतः पुरुषांचे आहे, हे आधीच माहीत असलेले बरे. सोई 4 च्या ओट्यांवर बायकांचे स्वागत असते. सोई 2 मध्ये गर्दी पुरुषांची असते आणि सॉना फक्त पुरुषांच्या. बायकांचे विश्व कायमच्या बारपेक्षा महिन्या-दोन महिन्यांनी होणाऱ्या पार्ट्यांत, कॅफेंत आणि आता थाई मालिकांमधल्या नायिकांच्या चाहत्यांच्या मेळाव्यांत आहे. पार्ट्यांच्या जागा बदलत राहतात, म्हणून जाण्याच्या आठवड्यात इन्स्टाग्रामवर थाई आणि इंग्रजी दोन्हींत शोधा. आरी, थोंगलो आणि एक्कमाई या भागांतले कॅफे दोघींनी दुपार घालवायला छान.

"टॉम" आणि "डी" हे शब्द कानावर पडतील. टॉम म्हणजे केस आखूड, वागणे-बोलणे पुरुषी असलेली. डी म्हणजे तिची जोडीदारीण, "लेडी" या शब्दाचे शेवटचे अक्षर. "तू टॉम की डी?" असे पहिल्या पाच मिनिटांत विचारणे तिथे उद्धटपणा नाही. तरुण मुलींना हे दोन खण हल्ली अपुरे वाटतात, तेव्हा "दोन्ही नाही" म्हटले तरी कुणी रागवत नाही. थायलंडमधली समलैंगिक स्त्रियांची पहिली संघटना अंजरी 1986 मध्ये सुरू झाली. आजच्या मोकळेपणामागे चाळीस वर्षांचे काम आहे.

दोघींनी हात धरून चालण्याकडे कुणी वळूनही बघत नाही. रस्त्यात चुंबन मात्र टाळा, ते स्त्री-पुरुष जोडप्यांनाही शोभत नाही असे तिथे मानतात. रात्री उशिरा मोटारसायकल टॅक्सीऐवजी ॲपवरून गाडी बोलवा. बोलण्याच्या शेवटी बाई "खा" म्हणते, पुरुष "ख्रप". टॉम मुली कधी "ख्रप" म्हणतात. तुम्हाला जे जवळचे वाटेल ते म्हणा.

ट्रान्स प्रवासी

रस्त्यावर, दुकानात, बँकेत ट्रान्स स्त्रिया काम करताना दिसतात, त्यामुळे कायदाही तेवढाच पुढे असेल असे वाटते. तसे नाही. थायलंडमध्ये कागदपत्रांवरचे लिंग बदलण्याचा कायदा अजून नाही. पासपोर्टवरचा फोटो आणि आजचा चेहरा जुळत नसेल, तर निघण्याआधी पासपोर्ट नव्या फोटोने काढून घ्या आणि डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवा. "कथोई" हा शब्द ट्रान्स स्त्रिया स्वतःसाठी वापरतात, पण परक्याच्या तोंडून तो टोचू शकतो. नाव विचारा आणि नावानेच बोला.

ॲपवरची ओळख आणि नशा

पहिली भेट कॅफेत किंवा सोई 4 च्या ओट्यावर. खोलीवर जायचे तर तुमच्या हॉटेलात, जिथे ओळखपत्र घेतात. पासपोर्ट, जास्तीचे पैसे आणि दुसरे कार्ड तिजोरीत कुलूपबंद. पेला नजरेआड झाला तर नवा घ्या. समोरचा पैशांची अपेक्षा ठेवून आला असेल, तर बहुतेक वेळा ते संदेशातच सुचवतो; स्पष्ट विचारा, नको असेल तर नम्रपणे नाही म्हणा. खोलीत बसून घासाघीस करण्याने भांडण होते.

कुणी "आइस" किंवा "पार्टी" हा शब्द काढला की संभाषण तिथेच संपवा. क्रिस्टल मेथसाठी थाई शिक्षा फार कडक आहेत आणि पोलीस रस्त्यावर, क्लबात लघवीची तपासणी करू शकतात. नशेत गोळीची वेळ चुकते, कंडोम राहतो, आणि नको म्हणण्याची ताकद जाते. यातून सुटायला मदत हवी असेल तर वर सांगितलेल्या रेड क्रॉसच्या केंद्रात न लाजता बोला. गांजाची दुकाने दिसतील, पण जून 2025 पासून त्यालाही डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आणि ई-सिगारेट मुंबईहून नेऊच नका. ती थायलंडमध्ये बेकायदा आहे आणि परदेशी माणसाला अडवायला पोलिसांना तेवढे कारण पुरते.

रुग्णवाहिका 1669, पोलीस 191, पर्यटक पोलीस 1155. भारतीय दूतावास सुखुमवित सोई 23 मध्ये आहे, असोक स्टेशनपासून जवळ.

कधी जायचे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. 13 ते 15 एप्रिल सोंग्क्रान: सिलोम रस्ता वाहनांना बंद आणि आपल्या रंगपंचमीसारखा तीन दिवस पाण्याचा मारा, त्याच आठवड्यात गे पार्ट्यांचा मोठा हंगाम. फोन पाणीरोधक पिशवीत गळ्यात अडकवा, पासपोर्ट बाहेर नेऊच नका, हॉटेल दोन-तीन महिने आधी ठरवा. प्राइडची मिरवणूक जूनच्या सुरुवातीला निघते. 2022 मध्ये ती सिलोमवरून गेली, पुढे सयाम ते राजप्रसोंग या बाजूला सरकली. दुपारी उकाडा, संध्याकाळी पाऊस, तेव्हा छत्री आणि मिठाचे पाणी जवळ ठेवा.

शाकाहारी असाल तर पिवळ्या झेंड्यावर लाल "जे" अक्षर असलेली दुकाने शोधा, तिथे माशाचा रसही घालत नाहीत. बाकी ठिकाणी नुसते "मांस नको" म्हटले तर माशाचा रस येतोच. घरची चव हवी असेल तर फाहुरात हा शहरातला भारतीय भाग, आणि सिलोमवरच्या मारियम्मन देवळाच्या आसपास दक्षिणी खानावळी.

परत येताना

विमानतळावर निघण्याआधी फोनमधले फोटो एकदा बघा आणि तिथे भेटलेल्या मित्रांचे चेहरे असलेले फोटो त्यांना विचारल्याशिवाय कुठे टाकू नका. त्यांच्यातलेही काहीजण उदोन किंवा चियांग रायच्या घरी बोललेले नसतात. संबंध आले असतील तर परतल्यावर सहा आठवड्यांनी एचआयव्ही आणि गर्मीची तपासणी करा. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. त्याआधी पुरळ, जखम, ताप किंवा लघवीला जळजळ झाली तर सहा आठवडे थांबू नका, आणि डॉक्टरांना "बँकॉकला गेलो होतो" एवढेच न सांगता संबंध कुणाशी आणि कसा आला हेही सांगा. घशाची आणि गुदाची तपासणी सांगितल्याशिवाय कुणी करत नाही.